टर्बो की बिनटर्बो

पनवेलहून परत येताना माझी गाडी खंडाळ्याच्या घाटात बंद पडली. रेडिएटरचं पाणी कधी संपलं ते कळलंच नव्हतं. काटा लाल पट्टीत गेलेला दिसला तोवर बॉनेटखालून वाफ यायला लागली होती. गाडी ओढून कामशेतला आणली. तिथे जुन्या हायवेला एक गॅरेज आहे, त्याचा मालक आमच्या ओळखीचा मिस्त्री. त्याने इंजिन उघडलं, तापून वाकडं झालेलं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "भाऊ, ह्यात आता काय न्हाई."

गाडी तेवीस वर्षांची होती. भंगारात द्यायची असं मी मनाशी ठरवलं आणि रविवारी मुलाला सांगितलं.

मुलगा सहा वर्षं मेलबर्नला आहे. त्याची आई जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मी वराळ्याच्या घरात एकटा राहतो. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. कामवाली येते का, गोळ्या घेता का, एवढं तो विचारायचा. तिकडे थंडी आहे का, एवढं मी विचारायचो. तीन-चार मिनिटांत दोघांचंही संपायचं.

त्या रविवारी मात्र तो बोलत राहिला. गाडी चालवायला तो याच गाडीवर शिकला होता. भंगारात अजिबात देऊ नका, म्हणाला. जपानमध्ये गाड्या लवकर मोडीत काढतात, इंजिनं चांगली असतात, ती आपल्याकडे येतात, त्यातलं एक बसवू. मी शोधतो, तुम्ही जाऊन बघा.

तळेगावच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं मेंटेनन्सला काढली. निवृत्तीनंतर पाना हातात धरायचं कारणच उरलं नव्हतं. त्याने रात्रीच एका शेडचा पत्ता आणि नंबर पाठवला आणि मी दुसऱ्याच दिवशी निघालो.

शिरगावच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये ही इंजिनं ठेवलेली होती. गुरुवार सोडून या, इथल्या देवळात दर्शनाला येणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबतो, असं शेडच्या मालकाने फोनवर बजावलं होतं. लाकडी फळ्यांवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वीसेक इंजिनं होती. आमच्या कामाची दोन निघाली. एक टर्बोचं, म्हणजे धुराच्या जोरावर पंखा फिरवून जास्तीची हवा आत कोंबणारं, ताकदीला भारी. दुसरं बिनटर्बोचं, थोडं लहान, खालच्या वेगात गरीब, पण मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा सहा हजारांच्या वर गेला की चवताळणारं. ते आमच्या गाडीच्याच घराण्यातलं होतं, त्यामुळे जवळजवळ सरळ बसलं असतं. टर्बोसाठी गिअरबॉक्स, ब्रेक, रेडिएटर, सगळंच बदलावं लागलं असतं.

मी फोटो पाठवले. मुलाने प्रश्नांची यादी पाठवली. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजा, प्लग काढून रंग बघा, टर्बोचा दांडा दोन बोटांत धरून हलवून बघा. मी जुनी हत्यारं तेल लावून पिशवीत भरली आणि आठवड्यातून दोनदा शेडवर जाऊ लागलो. रविवारचा फोन एक तासावर गेला. मधल्या दिवशीही मेसेज येऊ लागले. टर्बोच्या झाकणावर कुणीतरी पिवळ्या रंगाने जपानी अक्षरं लिहिली होती. मुलाने ती ऑफिसातल्या एका जपानी बाईकडून वाचून घेतली. काहीतरी मोठं निघेल असं आम्हाला वाटत होतं. त्याचा अर्थ होता, 'मागचं कपाट'. आम्ही दोघं इतके हसलो की मला खोकला आला. त्याच्याबरोबर असं हसल्याला किती वर्षं झाली होती, ते मला आठवेना.

महिन्याभराने तो म्हणाला, "आता सगळं मोजून झालंय. पुढच्या रविवारी ठरवून टाकू."

तो आठवडा मला वाईट गेला. ठरलं की इंजिन बसणार, गाडी सुरू होणार, आणि पुन्हा कामवाली आणि गोळ्या. रविवारी त्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं की टर्बोच्या दांड्याला थोडा प्ले वाटतोय, म्हणजे तो हलतोय, मालकाकडून नीट तपासून घ्यायला हवं. दांडा हलत नव्हता. पंधरा दिवसांनी दुसऱ्या इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळतंय असं सांगितलं. तेही गळत नव्हतं. मिस्त्री दोनदा म्हणाला, "भाऊ, लय दिस झालं. कोनतं तरी एक ठरवा की." मी हो हो म्हणालो. खोटं बोलतोय हे मला पूर्ण कळत होतं, आणि तरी पुढच्या रविवारी काय सांगायचं याची मी तयारी करत होतो.

मग एका बुधवारी सकाळी मुलाचा फोन आला. शेडच्या मालकाने टर्बोचं इंजिन स्टँडवर सुरू करून व्हिडिओ टाकला होता. धूर नाही, आवाज स्वच्छ. मुलाने मालकाला मेसेज करून विचारलंही होतं.

"बाबा, दांड्याला प्ले आहे म्हणाला होतात."

"नाही. प्ले नव्हता."

"आणि ते सील?"

"तेही ठीक आहे."

"मग का सांगितलंत?"

ठरवायची घाई नको वाटत होती, असं काहीतरी मी पुटपुटलो. मीटिंग आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी करू शकलो असतो, केला नाही. लाज वाटत होती. त्या दिवसांत टर्बोचं इंजिन मुंबईच्या कुणीतरी उचललं. निवडायला काही राहिलं नाही. मी दुसरं इंजिन टेम्पोत घालून कामशेतला नेलं.

तिसऱ्या रविवारी त्याचा फोन आला. टर्बो गेल्याचं मी सांगितलं. तो म्हणाला, "ते आपल्या गाडीत बसवण्यात अर्थ नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही रोज काहीतरी मोजून पाठवत होतात."

मग दुसरं इंजिन कधी बसतंय, ते त्याने विचारलं.

इंजिन बसवायला आठ दिवस लागले, आरटीओच्या कागदांना त्याहून बरेच जास्त. सगळं झाल्यावर एका मंगळवारी सकाळी मी गाडी घेऊन लोणावळ्याला गेलो. भुशीचा रस्ता ओस पडला होता. धरण आटलेलं, टपऱ्या बंद. वरच्या सरळ भागात मी दुसऱ्या गिअरमध्ये काटा सहा हजारांच्या पुढे नेला. इंजिनाने आवाज बदलला आणि गाडी अशी पुढे झेपावली की मी एकटाच मोठ्याने हसलो. मग गाडी कडेला घेतली. हे कुणालातरी सांगायला हवं होतं. मेलबर्नला त्या वेळी त्याचं ऑफिस चालू असणार होतं. मी फोन खिशातच ठेवला आणि परत फिरलो.

रविवारी सांगितलं. त्याला आनंद झाला, आवाजाचं रेकॉर्डिंग मागितलं, ऐकून पुन्हा फोन केला. त्यानंतरचे रविवार हळूहळू लहान होत गेले. आता सात-आठ मिनिटं बोलतो. विषय सापडत नाही तेव्हा गिअरबॉक्समध्ये आवाज येतोय असं सांगायचा मोह मला होतो. तो मी आवरतो.

मागच्या रविवारी बोलता बोलता तो म्हणाला की ऑफिसातून येऊन एकट्यासाठी स्वयंपाक करायचा त्याला कंटाळा येतो, कधी कधी उभ्यानेच काहीतरी खाऊन झोपतो. असलं काही त्याने मला यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. त्याला उपाय सांगावा असं आधी वाटलं. मग मी खरं ते सांगितलं, की मीही एकदा केलेली आमटी दोन-तीन दिवस गरम करून खातो.