जमसूनचा अंगठा

आमच्या बोलग्यो गावच्या खाडीत चिखलावरची फळी बायकाच ढकलतात. एक गुडघा फळीवर टेकायचा, दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटायचा आणि जाता जाता शिंपल्या वेचायच्या. सदुसष्टाव्या वर्षीही जमसून सगळ्यांच्या पुढे असायची. मागे पडलेलीला वळून विचारायची, "काय गं, फळीवर झोपलीस की काय?"

तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, सोकचुलला, हृदयविकाराचा झटका आला. पुतण्याच्या लग्नाच्या जेवणात छाती धरून तो असा कोसळला की अख्खा गाव धावला. घरी परतला तो राजा होऊनच. जमसूनने लक्षणांचा कागद फ्रिजवर चिकटवला: छातीत कळ, डावा हात दुखणं, घाम. त्याचं सूप अळणी, गोळ्या घड्याळ लावून, रोजचं फिरणं तिच्या पहाऱ्यात. तिने स्वतःचा रक्तदाब कधी मोजला होता, देव जाणे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय?"

गावात सुई टोचणारी मी. पोटात अन्न अडकलं की आमच्याकडे दंड चोळून रक्त बोटात उतरवतात, अंगठ्याला दोरा आवळतात आणि नखाच्या मुळाशी टोचतात. काळं रक्त आलं की अडकलेलं सुटलं. चाळीस वर्षं मी हे करत होते आणि मला त्याचा माजही होता.

डिसेंबरातल्या एका सकाळी जमसून दारात आली.

"ताई, कालचा तांदळाचा केक अडकला बघ. मळमळतंय. पाठ भरून आलीय, जबडासुद्धा दुखतोय."

"उभ्याउभ्या गिळतेस, अडकणार नाही तर काय? आण अंगठा."

काळं रक्त आलं. दोऱ्याने आवळलेल्या बोटातून दुसरं काय येणार, हे आता कळतंय मला. ती बिचारी हसून म्हणाली, "तुझ्या हाताला गुण आहे." आणि नवऱ्याचं जेवण करायला निघून गेली.

दुपारी तिला बघायला गेले, तर ती ओट्याला धरून उभी. चेहरा राखेसारखा. मी लगेच पिशवीतून दोरा काढला.

"दुसऱ्या अंगठ्यालाही टोचते."

सूप का आलं नाही म्हणून कुरकुरत सोकचुल आत आला. तिच्या कपाळाला हात लावला आणि माझा हात झटकलाच त्याने.

"सुई ठेव, ताई! हा गार घाम माझ्या ओळखीचा आहे."

"माझ्या छातीत कुठे दुखतंय?" जमसून पुटपुटली. "घाम सोडला तर कागदावरचं काहीच नाही मला. तू आधी जेव."

त्याने फोन करून रुग्णवाहिका बोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिचं ऐकलं नाही, ते बरं झालं.

इस्पितळातली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "बायकांचा झटका कित्येकदा असाच येतो. मळमळ, पाठ, जबडा. सकाळीच का नाही आणलंत?" मी खाली मान घालून रडले. सकाळी ती माझ्याकडेच तर आली होती.

जमसून वाचली, पण हृदयाचा एक भाग गेला तो गेलाच. तिची फळी आता भिंतीला टेकलेली आहे. बंधाऱ्यावर बसून ती बाकीच्यांना टोमणे मारते आणि दोन वाक्यांनंतर दम लागला की थांबते. आता कुणी अंगठा पुढे केला की मी आधी पाठ आणि जबडा विचारते.

परवा तिच्याकडे गेले होते. फ्रिजवर तोच जुना कागद. सोकचुलने त्यावर खाली जाड पेनाने, वाकड्यातिकड्या अक्षरांत भर घातली आहे: मळमळ. पाठ. जबडा. आणि सगळ्यात शेवटी, "काही नाही झालं मला, असं म्हणते."