एकाच तारखेच्या कडूबाई

हर्सूलला राहणाऱ्या मेघा साळवे यांचे काम दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्राममधील चुका शोधण्याचे आहे. त्या रोज साडेनऊला ऑफिसात पोहोचतात, डबा कपाटात ठेवतात आणि दहाच्या बैठकीत आपण काल काय तपासले ते उभ्यानेच सांगतात. त्यांनी होकार दिल्याशिवाय कोणताही प्रोग्राम ग्राहकाकडे जात नाही.

त्या दिवशी दवाखान्यांसाठीचा प्रोग्राम दुपारी द्यायचा होता. मेघाताईंनी नकार नोंदवला. नाव आणि जन्मतारीख जुळली की तो प्रोग्राम दोन रुग्णांना एकच समजत होता. तसाच तो गेला असता, तर एकीचे औषध दुसरीच्या पोटात गेले असते.

प्रमुख अभय सर हसले. "अहो मॅडम, अशी जुळी फक्त सिनेमात असतात."

"आमच्या गावाला या, सर. कडूबाई बन्सी साळवे नावाच्या दोघी आहेत. दोघींचा जन्म एक जानेवारी एकोणीसशे पन्नास."

"एकाच दिवशी जन्मल्या?"

"खरी तारीख ठाऊक कुणाला होती? आधार काढणाऱ्यानं अंदाजानं टाकली. आमच्या सगळ्या गल्लीचा वाढदिवस एकच हाय!"

बाकीचे हसले. अभय सरांनी मात्र लासूर स्टेशन या गावी राहणाऱ्या वडिलांना फोन लावला आणि आधारवरची जन्मतारीख विचारली.

"आमच्या दादांचीबी एक जानेवारीच निघाली," फोन ठेवून ते म्हणाले.

त्यांनी ग्राहकाला सोमवारचा वायदा कळवला. मेघाताईंनी नकाराखाली कारण लिहिले, प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र क्रमांक द्यावा अशी सूचना जोडली आणि त्या पुढच्या प्रोग्रामकडे वळल्या.