आत्याने मागितलेली क्षमा

आमच्या घरी खेळण्यांआधी पत्रकं आली. वडील दर शनिवारी पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी उभे राहून तारणाची पत्रकं वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकलो. ‘ख्रिस्त तुमच्यासाठी मेला, आता तुम्हाला काही करायचे उरले नाही’ हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं, आणि ते मी खरं मानत होतो. म्हणून आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, लेंथच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, चाळीस दिवसांत, आमच्या चर्चच्या मंडळीने माझ्या आत्याला प्रभुभोजनाच्या भाकरीपासून दूर ठेवायचं ठरवलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

आत्या नर्स होती आणि आमच्याच घरी राहायची. एका अडलेल्या बाईची तिने सुटका केली. बारशाला त्या घरच्या सासूने तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ते तिने पुसलं नाही. तशीच ती भाजी घ्यायला थांबली आणि आमच्या चर्चच्या एका पंचाने तिला पाहिलं. झालं.

पाळकसाहेब घरी आले. लेंथमध्ये चहा सोडलाय, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

“सिस्टर, माझं काही म्हणणं नाही हो. पण पंच ऐकत नाहीत. पवित्र गुरुवारी पुढे या, सगळ्यांसमोर क्षमा मागा आणि भाकर घ्या. नाहीतर यंदा...”

“यंदा मागे बसायचं,” आत्या म्हणाली.

“वधस्तंभावर काही काम अपुरं राहिलं होतं का?” मी विचारलं. “ते आता पंच पुरं करणार?”

“हा छापल्यासारखा बोलतो,” पाळकसाहेब तिला म्हणाले.

मग मी छापायलाच बसलो. ‘कुंकू मोठे की ख्रिस्ताचे रक्त?’ असा मथळा देऊन पत्रक लिहिलं आणि सायक्लोस्टाइल करून आणलं. आत्याने ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं.

“छान लिहिलंयस. पण यात मी कुठे आहे?”

“सगळं तुझ्याबद्दलच आहे.”

“नाही रे. यात अन्याय झालेली एक स्त्री आहे. ती कुणीही असेल. वाटू नकोस हे.”

“नाही वाटत. पण तू क्षमा मागायची नाहीस.”

ती काही बोलली नाही. मी तो होकार समजलो. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला गप्प बसणं म्हणजे सहीच वाटते.

पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, भाकर मोडण्याआधी, ती उठून पुढे गेली. “एका आजीबाईंनी मला कुंकू लावलं. त्यांचा आनंद मोडवेना म्हणून मी पुसलं नाही. मंडळीला वाईट वाटलं असेल तर क्षमा करा.” एवढंच. पंच खोकले. पाळकसाहेबांनी लांबलचक प्रार्थना केली, आणि आत्याने गुडघे टेकून भाकर घेतली. आमच्या रांगेची पाळी आली तेव्हा मी जागचा हललो नाही.

घरी जाताना मी तिला सोडलं नाही. “जिंकू दिलंस त्यांना.”

“मला भाकर हवी होती. चाळीस दिवस तिचीच वाट पाहिली मी. तुझ्या तत्त्वासाठी उपाशी राहू?”

“पण तुझं चुकलंच नव्हतं.”

“ते प्रभूला ठाऊक आहे की. तू का उठला नाहीस?”

“निषेध म्हणून.”

“कळला का कुणाला?”

मी त्याचं उत्तर शरणपूर रस्ता संपेपर्यंत देत होतो. तिने मध्येच पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्या संध्याकाळी मंडळीत भाकरीवाचून राहिलेला मी एकटाच होतो, आणि मला तर कुणी अडवलंही नव्हतं. याचा राग कुणावर काढावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.