पोळा गेट

“साहेब, बैल आले.”

पोळ्याचा दिवस. दुपारी जेवून मी नुकताच आडवा झालो होतो. फोन बगीच्याचा चौकीदार देवराव याचा होता.

“कोणाचे बैल?”

“गावाचे. सारेच.”

मागून ढोल ऐकू येत होता. किसनरावांचा आवाजही आला. गावातली मानाची जोडी त्यांची. ते मुद्दाम मला ऐकू जाईल असं ओरडले, “विचार साहेबाले, बैलाले तिकीट लागते काय?”

तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत ओव्हरसियर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. चूक गावाची नव्हती.

गावात पाहण्यासारखं काही नाही, पाहुणे आले की न्यायचं कुठं, अशी ओरड होती. म्हणून बगीचा मंजूर झाला. कारंजं, मुलांची खेळणी, चालायला ट्रॅक, सेल्फी पॉइंट आणि मधोमध मोठं लॉन. जागा निवडली ती आखराची. आखर म्हणजे गावाच्या कडेची गुरं जमण्याची मोकळी जागा. पोळा तिथंच भरायचा. सजवलेल्या जोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभ्या राहायच्या, लोक झडत्या म्हणायचे, मग मानाची जोडी तोरणाखालून निघाली की पोळा फुटायचा. झडती म्हणजे जागेवर रचलेल्या दोन-चार ओळी. त्यात कोणाचीही टर उडवायची मुभा असते. त्या दिवशी कोणी राग धरत नाही.

मी लहानपणी वडिलांचा हात धरून त्या आखरावर उभा राहिलो होतो. तरी नकाशावर मी त्या जागेला “मोकळी जागा” लिहिलं. “पोळ्याची जागा” लिहिलं असतं तर हरकती मागवाव्या लागल्या असत्या आणि फाइल परत आली असती. बगीचा झाला की लोक दुसरीकडे जातील, असं मी धरून चाललो.

गेटही मीच ठरवलं, झिगझॅग. दोन रेलिंग अशी बसवतात की माणूस वळून आत जातो, जनावर जात नाही. मोकाट गुरांसाठी चांगलं डिझाइन आहे. उरलेल्या बाजूंनी तारेची जाळी, दोन खांबांमधला एकेक गाळा नट-बोल्टनं कसलेला.

“त्यांना म्हणावं, शाळेच्या मैदानावर भरवा यंदा,” मी म्हणालो.

“म्हणलं साहेब. आयकत नाही कोणी. पोरं रेलिंगवर चढून राह्यले. कोणी सब्बल आणाले गेलं. जाळीचे नट सोडले तर पूर्वेकडचा एक गाळा निघते. पाना आहे माह्याजवळ. सोडू काय?”

मी क्षणभर विचार केला. चार दिवसांनी मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन होतं. पण सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, चालली असती तर जाळी, रेलिंग आणि कदाचित देवरावचं डोकंही फुटलं असतं.

“सोड,” मी म्हणालो. “भांडण नको आजच्या दिवशी.”

मी पोहोचलो तेव्हा पोळा आत भरला होता. झुली, बाशिंगं, घुंगरं. किसनरावांनी मला पाहिलं आणि हात वर करून झडती म्हटली:

“गेट बनवलं बारीक, लॉन लावलं खास,
बैल उभा बाहेर अन् साहेब खाये घास!”

“हर बोला, हर हर महादेव!” सगळं गाव ओरडलं. मीही हसलो. खोटं का सांगू, त्या घटकेला मला बरं वाटलं होतं.

मग लॉनकडे पाहिलं. लॉन पेरलेलं नव्हतं. तयार गवताच्या गाद्या आणून अंथरल्या होत्या. खाली आपली काळी माती, वर पंधरवड्याचा पाऊस. गवतानं मूळ धरलं नव्हतं. जोडीमागून जोडी गेली आणि गाद्या खुरांबरोबर उचलून आल्या. ड्रिपच्या नळ्या मातीतून वर आल्या होत्या. कारंज्याच्या कठड्याला बैल बांधलेले होते.

उद्घाटन पुढे ढकललं गेलं. मुख्याधिकाऱ्यांनी मला आणि देवरावला एकत्रच बोलावलं.

“जाळी कोणी काढली?”

“मी काढली साहेब,” देवराव म्हणाला.

“कोणाच्या सांगण्यावरून?”

देवरावनं माझ्याकडे पाहिलं. तो ठेकेदाराचा माणूस, रोजंदारीवरचा. गेटजवळच्या खोलीत बायकोसह राहायचा. बगीचा सुरू झाला की त्याला कायम करून घेऊ, असं मीच त्याला सांगितलं होतं.

“याचा फोन आला होता का तुम्हाला?” मुख्याधिकाऱ्यांनी मला विचारलं.

निवृत्ती जवळ आली होती. चौकशी लागली असती तर पेन्शन अडकली असती. ही कारणं मला नंतर सुचली. तेव्हा तोंडातून एवढंच निघालं, “नाही सर. तेव्हा मी राळेगावहून येत होतो, रेंज नव्हती.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर देवराव म्हणाला, “साहेब, तुम्ही सोड म्हणलं हे नसतं सांगतलं तरी चाललं असतं. पण फोनच आला नाही असं काहून म्हणलं? म्या केलता ना.”

मी “बघतो” म्हणालो. पाहिलं काहीच नाही. आठवड्यात त्याची खोली रिकामी झाली. पुढं किसनरावांनी त्याला सालगडी म्हणून ठेवून घेतलं.

लॉन पुन्हा बसवलं, उद्घाटन झालं. पण पुढच्या पोळ्याआधी सगळे नगरसेवक एका सुरात म्हणाले, बैलांना वाट द्या. मी ड्रॉइंग काढलं. देवरावनं जिथं गाळा काढला होता बरोबर तिथं रुंद गेट, आत लॉनऐवजी मुरमाचा पट्टा, तोरणासाठी दोन दगडी खांब. गेट वर्षातून एकदाच उघडतं. लोकांना ते फार आवडलं. आज जिल्ह्यात पाहण्यासारखी ठिकाणं कोणी मोबाइलवर शोधली तर त्यात पोळा गेट दिसतं. नवरा-नवरी फोटो काढायला येतात. खांबावर पाटी आहे: संकल्पना, आणि पुढं माझं नाव.

निवृत्त झाल्यावर मी रोज त्याच बगीच्यात फिरायला जायचो. पाटी टाळून पलीकडच्या ट्रॅकनं जायचो. यंदा पोळ्याच्या आधी किसनरावांच्या शेतावर गेलो. देवराव बैल धूत होता.

“पाटीवर तुझं नाव टाकायला सांगतो,” मी म्हणालो. “आणि फोन आला होता हे सगळ्यांना सांगतो.”

“कोणाले सांगान? ते मुख्याधिकारी कवाचेच बदलून गेले.” त्यानं बैलाच्या पाठीवर पाणी टाकलं. “पाटी ठेवा तुमची. पोळ्याले या. तोरणासमोर उभे राहा. मागं नाही, समोर.”

मी गेलो. मानाच्या जोडीचा कासरा देवरावच्या हातात होता. त्यानं घसा साफ केला:

“पाटी लागली साहेबाची, पाना होता माझा,
फोन उचलला साहेबानं अन् झाला मुका राजा!”

लोक हसले. मग काही जण हसायचे थांबले. बगीच्यातले जुने माळी माझ्याकडे पाहू लागले.

किसनरावांनी विचारलं, “फोन तं माह्यासमोर झालता. तुम्ही वर नाही म्हणलं, हे खरं हाय काय साहेब?”

“खरं आहे,” मी म्हणालो. “फोन आला होता. ‘सोड’ मी म्हटलं होतं.”

किसनराव जोडीसमोरून बाजूला झाले.

“हर बोला,” देवराव ओरडला, आणि त्यानं जोडी तोरणाखालून काढली.

त्याची नोकरी परत आली नाही, ते वय आता गेलं. पाटीवरचं माझं नाव मी अर्ज देऊन पुसून घेतलं. दुसरं नाव टाकायला सभेचा ठराव लागतो, तो अजून व्हायचा आहे. तोवर “संकल्पना” या शब्दापुढे पांढरा पट्टा आहे. फिरायला येणारे विचारतात, इथं काय होतं? मी तिथं असलो तर सांगतो.

नव्या ओव्हरसियरना एवढंच सांगणं आहे. नकाशावर “मोकळी जागा” लिहिण्याआधी तिथं वर्षभरात कोण कोण येतं ते पाहून घ्या. आणि फोन आला असेल, तर आला म्हणा.