बंद तालमीतला शड्डू

इथले अनुभव मी बरेच महिने नुसते वाचत होते, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसतही होते. भूत, करणी, बाधा... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आज आहे की नाही, ते मलाच सांगता येत नाही. जे झालं ते तसंच लिहिते. नावं तेवढी बदलली आहेत.

मी मूळची कोल्हापूर शहरातली. बँकेत नोकरी, लग्न केलं नाही. आई गेली आणि थोड्याच दिवसांत मुरगूडला बदली झाली. बाजारपेठेमागच्या बोळात वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. खिडकीसमोरच जुनी तालीम — कौलारू, दाराला गंजलेलं कुलूप. ऑफिसातून आले की चहा घेऊन मी त्या खिडकीत बसायची. बोलायला कुणी नाही. भावाचा फोन रविवारी, तोही "बरी आहेस ना?" एवढ्यापुरताच.

पाऊस ओसरल्यावरची गोष्ट. दिवेलागणीला समोरून आवाज आला. शड्डू! पैलवान मांडीवर तळहात ठोकतो ना, तो पोकळ, घुमणारा आवाज. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला तो ओळखायला शिकवावं लागत नाही. वाटलं, तालीम परत सुरू झाली. बरंही वाटलं, तेवढीच जाग. पण कुलूप तसंच होतं.

मग तो रोजच यायला लागला. घरमालकिणीला विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "तालीम बंद हाय की वो मॅडम. कोन ठोकतंय शड्डू?" हे ती बोलत असतानाच आवाज आला. मी दचकले, ती नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहिलं — रिक्षाचा हॉर्न आला, कुत्रं आलं, शड्डू नाही. कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. कान ठणठणीत.

तालमीला लागून दत्तू वस्तादांचं घर. सत्तरी ओलांडलेला, एकटा राहणारा माणूस. गावातल्या कितीतरी पोरांना त्यांनीच कुस्ती शिकवलेली. एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे तालमीची किल्ली मागायला गेले.

"कशाला पायजे?"

"आत संध्याकाळी कुणीतरी असतं. शड्डू ऐकू येतो मला."

हातातला तांब्या त्यांनी हळूच खाली ठेवला. "तुमालाबी?"

त्यांनी कुलूप उघडलं. आखाड्याची लाल माती दगडासारखी घट्ट झालेली, वर धुळीचा थर. पावलाची एक खूण नाही. वस्ताद कडेला बसले आणि बोलायला लागले. मी विचारलंसुद्धा नव्हतं.

गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. शालन नावाच्या विधवेचा एकुलता एक मुलगा, विक्रम. वस्तादांनी त्याला लहानपणापासून तालमीत ठेवून घेतलेलं, घरचं दूधतूप घालून वाढवलेलं. जत्रेच्या मैदानात त्याची मोठी कुस्ती लागली होती. आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, वस्ताद, मान धरलीय, हाताला मुंग्या येत्यात.

"मी म्हनलं, नाटकं करू नगंस, उतर मातीत. त्यानं शड्डू ठोकला. माझ्याकडं बघून हसला... आन मी सोताच त्याची मान धरून खाली वढली. पडला त्यो हललाच न्हाय."

मग वस्ताद आणि त्यांच्या भावानं त्याला उचलून विहिरीच्या पायऱ्यांवर नेऊन ठेवलं. पोहायला गेला, पाय घसरला — गावानं तेच खरं धरलं. तो भाऊही आता हयात नाही.

"तालीम बंद पडली असती, बाकीची पोरं वाऱ्यावर गेली असती... असं मनाला सांगितलं." बोटानं त्यांनी मातीवरची धूळ बाजूला सारली. "श्वास चालू हुता का, त्ये मी बघितलंच न्हाय मॅडम. छातीच झाली न्हाय."

तेव्हापासून त्यांना शड्डू ऐकू यायचा. डोकं फिरलंय म्हणतील म्हणून कुणाजवळ बोलले नाहीत. शिकवण्यातनं मन उडालं आणि तालीम शेवटी बंद पडलीच. शालनकडे मात्र त्यांच्या घरचं दूध रोज जात राहिलं. तिच्या आजारपणात हेच दवाखान्यात बसले. ती त्यांना देवमाणूस म्हणायची.

मला राग आला, आणि कीवही आली. दोन्ही एकदम. "तिला सांगा," मी म्हणाले. "मला सांगून काय उपयोग?"

"तिला सांगितल्यावर माझ्याशी बोलनारं कोन ऱ्हानार वो?"

पण ते तिच्याकडे गेले. नंतर त्यांनीच मला सांगितलं — ती रडली नाही, ओरडली नाही. "उद्यापास्नं दूध पाठवू नगासा," एवढं बोलून तिनं दार लावलं. वस्ताद तिथून थेट पोलिसांत गेले, जबाब दिला. चौकशी अजून चालू आहे. ते सध्या जामिनावर, मुलीकडे कोडोलीला असतात. बोळातले लोक माझ्याशी बोलेनासे झाले. म्हाताऱ्याला मी देशोधडीला लावलं म्हणे.

मला वाटलं होतं, आता आवाज थांबेल. थांबला नाही. आणि एका संध्याकाळी जिना चढून शालन आली. हाडकुळी, उंच बाई. "आमच्या विक्रमचं तुमालाच ऐकू येतंय न्हवं? वस्ताद म्हनलं."

मी मान हलवली.

"मग मी बसतो हितं."

ती रोज यायला लागली. आवाज आला की मी हळूच म्हणायची, "आत्ता." ती खिडकीतून वाकून, श्वास धरून ऐकायची. तिला काही ऐकू यायचं नाही. मग मलाच विचारायची. "जोरात हाय का? का दमल्यागत वाटतोय?" मी जमेल तसं सांगायची. नंतर नंतर मी दोघींपुरत्या भाकरी टाकायला लागले. घरी जायची ओढ लागावी असं कितीतरी दिवसांनी झालं होतं.

एकदा जेवता जेवता ती थांबली. "पोटात मी वाढवला. आन त्यो ऐकू येतोय कुनाला, तर मारनाऱ्याला, आन वळख ना पाळख तुला. मला का न्हाय गं?"

मी तिच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

मग ती संध्याकाळ. दिवे लागले, आम्ही खिडकीत बसलो, आणि आवाज आलाच नाही. मी कान देऊन बसले. काहीच नाही. हिला कसं सांगू, या विचारात होते, तेवढ्यात तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"गप!" तिनं डोळे मिटले. चेहरा असा झाला की मी तसा कुणाचाच पाहिलेला नाही. "आला... आला की! व्हय रं माझ्या राजा, व्हय..."

मला खाली रस्त्यावरून चाललेल्या दुधाच्या गाडीचा आवाज येत होता. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही. शेवटी मीच तिच्या घरी गेले. चूल पेटवत बसली होती, चांगली दिसत होती. "आता घरातच ऐकू येतंय मला," म्हणाली. "चा घेतीस?" मी चहा घेतला आणि परत आले.

मैत्रीण म्हणते, एकटेपणानं होतं असं, कान खेळ करतात. असेल. पण मग वस्तादांचं काय? शालनला खरंच ऐकू आलं, की तिनं ते मागून घेतलं? मला माहीत नाही. त्या दिवसापासून मला एकदाही शड्डू ऐकू आलेला नाही. आवाज का आला, हे कुणी सांगू शकलं तर सांगाच. पण मला त्याहून जास्त विचारायचंय ते हे — तो माझ्याकडून का गेला?