पुढच्या खोलीतला डाग

आमची आत्या चौतीस वर्षं एका मोठ्या लाँड्रीत डाग काढायच्या टेबलाशी उभी होती. शाई, रक्त, गंज, लिपस्टिक, काहीही आणा. कपडा नाकाशी धरायची, नखाने जरा खरवडायची आणि डाग कशाचा, किती दिवसांचा ते सांगायची. तिचं लग्न जमलं नाही. म्हणजे जमवायला कोणाला सवड झाली नाही. आधी आजी अंथरुणाला खिळली, मग आजोबा. दोघांचं सगळं तिनेच केलं. माझे बाबा आणि काका सणवार असल्यासारखे अधूनमधून येऊन जायचे.

आजोबा न्यायी माणूस, असं सगळे म्हणतात. त्यांनी घर दोन्ही मुलांच्या नावावर केलं आणि मृत्युपत्रात लिहिलं, की घर विकलं जाईपर्यंत मुलीने तिथे राहावं. मुलांना घर दिलं, मुलीला मुदत दिली. वकील ते वाचून दाखवत होते तेव्हा आत्या मान डोलावत होती. त्या मान डोलावण्याचा मला अजून राग येतो.

घर विकायला काढलं, पण दोन वर्षं गिऱ्हाईक टिकेना. कारण पुढच्या खोलीतल्या भिंतीवरचा डाग. दारातून आत आलं की समोरच, परातीएवढा, पिवळट, कडेने तपकिरी. रंगाऱ्याने दोनदा रंग दिला, दोनदा तो महिन्याभरात हजर. "हा डाग नाही, घरजावई आहे," रंगारी म्हणाला, "काही केलं तरी हलत नाही." मग एजंटने त्याच्यापुढे कपाट सरकवलं. एका बाईने कपाटामागे हात घातला, बोटं चोळून बघितली आणि नवऱ्याला नुसतं "चला" म्हणाली.

आत्या त्या भिंतीकडे बघायचीच नाही. डाग होता तोवर तिला छप्पर होतं, इतकं ते सरळ होतं. तिला ते कळत होतं, आणि मलाही.

मला मात्र ते घर विकलं जायला हवं होतं. बाबा त्यांच्या वाट्यातून मला मोठा फ्लॅट घेऊन देणार होते. आम्ही तिघं दीड खोलीत राहत होतो, मुलगी स्वयंपाकघरात अभ्यास करायची. म्हणून दर रविवारी मी आत्याकडे आवराआवरीला जायचे. आजोबांचे सात चष्मे निघाले, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या निघाल्या, आजीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या. त्या आत्याने धुऊन, झाकणं लावून ठेवल्या होत्या. कशासाठी, ते तिलाही सांगता येईना.

अशाच एका रविवारी ती पेले कागदात गुंडाळत होती. मी म्हटलं, "आत्या, खरं सांग. हा डाग तुलाही जमणार नाही ना?"

"कपड्याचं वेगळं, भिंतीचं वेगळं."

"तेच म्हणते मी. शेवटी प्रत्येकाला मर्यादा असते."

मी मुद्दाम म्हटलं. कुठे बोचेल ते मला ठाऊक होतं. तिने हातातला पेला खाली ठेवला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा भिंतीजवळ जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून तारीख घालू लागली. डाग रोज थोडा सरकत होता. मग चार दिवस ती शेजारणीकडे आंघोळीला गेली, आणि रेघ जागची हलली नाही. तिचा फोन आला तेव्हा आवाज विशीतल्या पोरीसारखा होता. "अगं, भिंतीचा काही दोष नाही! पलीकडे न्हाणीघर आहे ना, तिथल्या फरशीचा सांधा फुटलाय. दोन वर्षं मीच त्याला रोज पाणी पाजतेय."

"अगंबाई," मी म्हटलं.

सहासष्टाव्या वर्षी गुडघे टेकून तिने तो सांधा स्क्रू-ड्रायव्हरने कोरून काढला, पांढरं सिमेंट भरलं. तीन आठवडे शेजारणीकडे आंघोळ. तीन आठवडे भिंतीसमोर टेबलफॅन. मग रंगारी आला, तळहात फिरवून म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्या पोटावर पाय आणणार." आत्या हसली. तिला इतकं खूश मी क्वचितच पाहिलंय.

घर नऊ दिवसांत विकलं गेलं.

सह्या झाल्या त्या दुपारी आम्ही सगळे तिथेच टेबलाभोवती बसलो होतो. एजंट गेल्यावर आत्याने विचारलं, "मग आता मी कुठे जायचं?"

"बघू ना, ताई," बाबा म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. काकांनी मोबाईल काढला. आत्याने त्या दोघांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. माझा फ्लॅट ठरला होता. तीन खोल्या, तिसरीला चांगली खिडकी.

मी म्हटलं, "आत्या, चहा टाकू?"

"राहू दे," ती उठत म्हणाली, "तुला साखर सापडायची नाही."

आता ती एकट्या म्हाताऱ्या बायकांच्या वसतिगृहात राहते. खोलीत चार पलंग, तिचा दाराजवळचा. तिथली चादर न् चादर ती तपासते, सगळ्या वैतागल्यात. आमच्या तिसऱ्या खोलीत सध्या सायकल आणि खोकी आहेत. गेल्या रविवारी मला राहवलं नाही. तिच्या पलंगाच्या कडेवर बसून मी सांगून टाकलं, "आत्या, त्या दिवशी मी तुला मुद्दाम डिवचलं होतं."

"माहीत आहे."

"मग कशाला काढलास तो डाग?"

तिने उशीचा अभ्रा सारखा केला. "मला वाटलं, तुझं एवढं काम करून दिलं, की तू म्हणशील, आत्या, माझ्याकडे चल."

ती थांबली. मला वेळ देत होती. शेजारच्या पलंगावरची बाईसुद्धा ऐकत होती.

मी पर्स उचलली आणि पुढच्या रविवारी येते म्हणाले.