एका डॉलरचा माणूस

सुचित्रा रामटेके त्या लीगमध्ये शिरली ती नाइलाजानेच. सिंगापुरात वन-नॉर्थ भागातल्या तिच्या ऑफिसात दर मार्चला बारा जणांची फँटसी बेसबॉल लीग सुरू व्हायची. त्यातला एक जण अमेरिकेला परत गेला आणि बाराव्या माणसाची जागा रिकामी झाली. तिचा मॅनेजर मुकुल केळकर तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "तुला खेळ कळायची गरज नाही. आकडे कळतात ना, मग झालं."

आकडे तिला कळत होते. नागपुरात एम.एस्सी. करून तिने पुण्याच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात नऊ वर्षं काढली होती. कुठली बेअरिंग किती फेऱ्यांनंतर मोडेल, हे आधी सांगायचं हेच तिचं काम. नवरा प्रमोद आणि ती सिंगापूरला आले त्याला आता दहा वर्षं झाली होती. जुरोंग ईस्टला भाड्याचा फ्लॅट, रोजची एमआरटी मेट्रो, आणि ऑफिसात तिच्या शब्दाला वजन. तिने काढलेला आकडा पुन्हा तपासायला कुणी जात नसे.

खेळ साधा होता. प्रत्येकाला कागदावरचे दोनशे साठ डॉलर मिळायचे. त्यात लिलावात बोली लावून अमेरिकेतले खरे खेळाडू घ्यायचे. पुढे सहा महिने ते तिकडे जसे खेळतील तसे इकडे गुण. सगळ्यांची पंचाईत व्हायची ती स्टार्टिंग पिचरच्या, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या चेंडूफेक्याच्या किमतीत. हा माणूस पाच-सहा दिवसांतून एकदा उतरतो, नव्वद-शंभर चेंडू जीव तोडून फेकतो, आणि एक दिवस कोपरातलं लिगामेंट फाटलं की वर्ष-दीड वर्ष घरी बसतो. लोक नावाला भुलून चाळीस-चाळीस डॉलर लावायचे आणि मे महिन्यात कपाळाला हात लावायचे.

सुचित्राने पहिल्याच वर्षी यावर एक सूत्र बसवलं. लिलावाच्या शेवटी जो कुणीही एका डॉलरला मिळतो, त्याच्यापेक्षा हा किती जास्त देईल, तेवढीच याची किंमत. त्यातून हात निकामी होण्याची शक्यता वजा करायची. एक ऑपरेशन झालं असेल तर किंमत निम्मी. दोन झाली असतील तर एक डॉलर, वर काही नाही. पहिल्या वर्षी ती तिसरी आली, दुसऱ्या वर्षी पहिली. मुकुलने तिच्याकडून फाइल मागून घेतली आणि तिनेही मोठ्या हौसेने त्याला एकेक रकाना समजावून सांगितला.

तिसऱ्या वर्षीचा लिलाव एका शनिवारी सकाळी ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये भरला. टेबलावर करी पफचे खोके, समोर मोठा पडदा. मुकुलने एका डावखुऱ्या पिचरचं नाव पुकारलं आणि स्वतःच बोली चढवत नेली. अठ्ठावीसवर तो थांबला. फायनान्समधला एक सिंगापुरी गृहस्थ एकोणतीसला अडकला. मुकुल खुर्चीत मागे रेलला आणि त्याने फोन सगळ्यांसमोर धरला. वीस मिनिटांपूर्वीच त्याला बातमी कळली होती. सरावात तो पिचर कोपर धरून खाली बसला होता. लिगामेंट गेलं होतं.

खोलीत टाळ्या वाजल्या. फसलेला गृहस्थही कसनुसा हसला. कुणीतरी तो व्हिडिओ पडद्यावर लावला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तो पोरगा तोंडावर ग्लोव्ह धरून मैदानाबाहेर चालला होता. तो रडताना दिसतो का, हे पाहायला त्यांनी तो तुकडा चार वेळा फिरवला.

सुचित्राने मान खाली घातली, तर समोर तिचाच लॅपटॉप होता. त्या पोराच्या नावापुढे किमतीच्या रकान्यात एक लिहिलेलं होतं. तो एक तिनेच, टाळ्या चालू असताना, हात न थांबता टाकला होता. तिला त्या सगळ्यांची जेवढी किळस आली होती, त्याहून जास्त त्या बोटांची आली.

सोमवारी मुकुलने तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

"आपल्या टीमच्या अकरा जणांतून तीन कमी करायचेत," तो म्हणाला. "वरून आदेश आहे. तुझंच सूत्र लावलंय. एकदा नजर टाक."

तिला आधी वाटलं, तो थट्टा करतोय. मग त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. रकाने तिचेच होते, फक्त नावं बदलली होती. बाहेरून कमी पगारात नवा माणूस घेतला तर तो किती काम करेल, आणि हा त्याच्याहून किती जास्त करतो. शेजारी आजारपणाच्या रजा. चौथ्या ओळीत विश्वास सोनटक्के, वय बावन्न, पाठीची दोन ऑपरेशनं. पुढे किंमत एक.

"हे कुणाला पाठवलंस?"

"अजून नाही. तू तपासलंस असं लिहिलं की वर कुणी प्रश्न विचारणार नाही."

"मी नाही तपासणार. आणि तूही हे पाठवू नकोस."

मुकुलने स्क्रीन परत स्वतःकडे वळवली. "सुचित्रा, खेळात चालतं आणि इथे नाही, असं कसं? गणित तेच आहे."

तो 'तेच' म्हणाला ते खोटं नव्हतं, आणि त्याचीच तिला शिसारी आली.

दहा दिवसांनी विश्वास सोनटक्क्यांना पत्र मिळालं. नोटिशीचा काळ संपला की कंपनीने काढलेला कामाचा पास रद्द, आणि पुढच्या तीस दिवसांत देश सोडायचा. त्यांची मुलगी ऋचा ज्युनिअर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. नोव्हेंबरात तिची परीक्षा होती.

त्या रविवारी सुचित्रा क्वीन्सटाउनला त्यांच्या घरी गेली. विश्वासराव पाठीला पट्टा बांधून ताठ खुर्चीत बसले होते. त्यांच्या बायकोने, लताबाईंनी, चहा आणून ठेवला आणि त्याही शेजारी बसल्या. सुचित्राने काही न लपवता सांगितलं. लीग, लिलाव, सूत्र, ते कुणी शिकवलं, सगळं.

विश्वासरावांनी विचारलं, "दुसऱ्या ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी मी पलंगावरून बंद पडलेला सर्व्हर उभा केला होता. तुम्ही फोनवर होतात. ते कुठल्या रकान्यात आलं?"

"कुठल्याच नाही."

"मग सूत्र चुकलंय तुमचं," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता.

लताबाई म्हणाल्या, "चहा निवतोय."

दुसऱ्या दिवशी तिने एचआरला तीन पानांचं पत्र लिहिलं आणि खाली सही केली. सूत्र माझं आहे, ते चेंडू फेकणाऱ्यांवर पैज लावायला केलं होतं, त्यात ऑपरेशनसाठी घेतलेली रजा माणसाचा दोष म्हणून धरलेली आहे, आणि फाइल मी स्वतः पाहिली आहे, असं स्पष्ट लिहिलं. लीगमधूनही ती त्याच दिवशी बाहेर पडली.

तीन आठवड्यांनी तिला बोलावून सांगण्यात आलं की अशी कुठलीही फाइल कंपनीच्या निर्णयात वापरलेली नाही. मात्र सोनटक्क्यांची शेवटची तारीख 'कौटुंबिक कारणास्तव' डिसेंबरअखेर नेली आहे. म्हणजे ऋचाची परीक्षा पार पडणार होती. तेवढंच पदरात पडलं. यादीतले उरलेले दोघे जूनमध्ये गेले. मुकुलला आणखी एक टीम मिळाली आणि सुचित्राला वेगळ्या मजल्यावर हलवलं.

एकदा लिफ्टमध्ये मुकुल भेटला. "एवढ्याशा गोष्टीवरून मैत्री घालवलीस," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. ती पुढच्याच मजल्यावर उतरली आणि उरलेले जिने चढून गेली.

प्रमोदने घरी विचारलं, "एवढा वीट आलाय तर नोकरी सोडत का नाहीस?"

"माझाही पास त्यांचाच आहे," ती म्हणाली, आणि डबे धुवायला उठली. त्यांची मुलगी अवनी बारा वर्षांची होत आली होती आणि तिची शाळा इथेच होती, प्रमोदची नोकरी अर्धवेळ होती. हे कारण खरं होतं आणि पुरेसंही होतं, पण ते बोलताना तिला स्वतःच्या तोंडाला वास आल्यासारखं झालं. सोमवारी सकाळी आठ वाजता ती नेहमीसारखी वन-नॉर्थला उतरली.